शपथ का मोडते?

(गावातील प्रौढ वाचन-वर्गापुढे केलेले भाषण)



आया-बहिणींनो, दादांनो, आजचा विषय जरा अवघड आहे. आज आपण दारूविषयी बोलणार आहोत. आणि मनाच्या आजाराविषयीही बोलणार आहोत. हे दोन विषय आम्ही एकत्र का घेतले, ते पुढे तुमच्या ध्यानात येईल.

बैल लंगडू लागला, तर आपण काय करतो? चार शहाण्या माणसांना विचारतो. म्हैस एकाएकी आटली, तर ढोरांच्या डॉक्टरला बोलावतो. त्यात कोणाला लाज वाटत नाही. पण घरचा कर्ता माणूस रोज पिऊन येऊ लागला, तर आपण दार लावून घेतो. घरची सून कोपऱ्यात बसून राहू लागली, जेवेना, बोलेना, तरी आपण दार लावून घेतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. पण ही मूठ एक दिवस उघडते, तेव्हा तिच्यात सव्वा लाखाचे कर्ज निघते.

आम्ही गावोगाव जातो, तेव्हा बायका आम्हांला एक प्रश्न हमखास विचारतात. "त्यांनी देवापुढं शपथ घेतली होती हो! बेलभंडारा उचलला होता. पोराच्या डोक्यावर हात ठेवला होता. आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पिऊन आले. आता अशा माणसावर विश्वास ठेवायचा तरी कसा?"

प्रश्न खरा आहे. या प्रश्नाचे उत्तर देणे, हेच आज आमचे काम आहे.

एका गवंड्याची गोष्ट

समजा, एक गवंडी आहे. असा गवंडी गावोगावी आहे, म्हणून त्याला नाव देत नाही. हाताचा कसबी आहे. ओळंबा न लावता भिंत सरळ उचलील, असा. लग्नाच्या वरातीत पहिल्यांदा त्याने पेला तोंडाला लावला. सोबतीचे म्हणाले, "घे रे, एकानं काय होतंय?" आणि खरेच, त्या दिवशी काही झाले नाही.

पुढे अंग दुखते म्हणून घेऊ लागला. मग झोप येत नाही म्हणून. आधी आठवड्याच्या बाजारी घेई, मग दर संध्याकाळी. काही वर्षांनी सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागे. कारण सकाळी हात थरथरत. हातात थापी धरवत नसे. दोन घोट पोटात गेले की हात स्थिर होत.

आता नीट ध्यान द्या. आधी तो मजेसाठी पीत होता. आता हात स्थिर राहावा म्हणून पितो. मजा केव्हाच संपली. ही जी अवस्था आहे, तिलाच व्यसनाचा आजार म्हणतात.

पिणारे सगळेच या अवस्थेला जातात का? नाही. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. देशात सुमारे १६ कोटी माणसे दारू पितात, असे त्यात दिसले. त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांहून अधिक माणसांना दारूमुळे त्रास आहे आणि त्यांना मदत हवी आहे. म्हणजे साधारण तिघांतला एक. तो एक कोण असेल, हे पहिल्या पेल्याला कोणालाच सांगता येत नाही. बाप किंवा आजा व्यसनात गेला असेल, तर धोका जास्त. कोवळ्या वयात सुरुवात झाली, तर धोका जास्त. मनात दुःख साचले असेल, तरी धोका जास्त.

तराजूचा दाखला

शपथ का मोडते, ते समजण्यासाठी वाण्याचा तराजू डोळ्यांपुढे आणा.

आपला मेंदू हा असा तराजू आहे. त्याची दोन पारडी सारखी असली, म्हणजे माणूस ठीक असतो. दारू मेंदूला मंद करते, सुस्त करते. म्हणजे एका पारड्यात तिचे वजन पडते. रोज रोज ते वजन पडू लागले की शरीर काय करते? तोल सांभाळण्यासाठी दुसऱ्या पारड्यात दगड टाकते. मेंदूला जागे ठेवणारी, तरतरीत करणारी बाजू ते वाढवते. दारू वाढली की दगड वाढतात. म्हणूनच आधी जेवढी पुरत होती, तेवढी पुढे पुरत नाही.

आता आपल्या गवंड्याने शपथ घेतली. मनापासून घेतली. दारू एकदम बंद केली. एका पारड्यातले वजन झटक्यात उतरले. पण दुसऱ्या पारड्यातले दगड तसेच राहिले! मग काय होईल? ते पारडे धाडकन खाली आदळेल.

हेच त्याच्या शरीरात होते. शेवटचा पेला घेतल्यापासून साधारण ६ ते २४ तासांत हात कापू लागतात. घाम फुटतो. छाती धडधडते. उलट्या होतात. झोप उडते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा त्रास कळसाला जातो. काहींना फिट येते. काहींना भास होतात. अंगावर मुंग्या चढल्या, दारात कोणी उभे आहे, असे म्हणून माणूस ओरडतो. दिवस की रात्र, ते त्याला कळत नाही. घरचे म्हणतात, "बाहेरचं लागलं." कोणी म्हणते, "शपथेचा देव कोपला."

देव कोपलेला नाही. तराजूचे पारडे आदळले आहे.

आणि त्या वेळी त्याला ठाऊक असते, की दोन घोट घेतले तर हे सगळे थांबेल. मंडळी, बुडणाऱ्या माणसापुढे दोर टाकला, तर तो धरणार नाही का? तसा तो पेला धरतो. त्याची शपथ खोटी नव्हती. तिला टेकू नव्हता.

म्हणून एक गोष्ट काळजावर कोरून ठेवा. जो माणूस रोज भरपूर पितो, ज्याचे हात सकाळी थरथरतात, त्याची दारू घरी कोंडून एकदम बंद करू नका. फिट आणि भ्रम यांनी माणूस दगावू शकतो. त्याला दवाखान्यात न्या. डॉक्टर झोपेची आणि शांतीची औषधे मोजून देतात, रोज थोडी थोडी कमी करतात. जीवनसत्त्वाची इंजेक्शने देतात. म्हणजे दुसऱ्या पारड्यातले दगड एक एक करून उतरतात. बहुधा आठ-दहा दिवसांत शरीर ताळ्यावर येते.

दुसरी गोष्ट बायांसाठी. बाजारात "चहात घाला, नकळत दारू सुटेल" अशी औषधे विकली जातात. ती चोरून देऊ नका. अशा काही गोळ्यांवर दारू प्याली, तर जोराच्या उलट्या होतात, रक्तदाब उतरतो, जीवही जाऊ शकतो. त्या गोळ्या डॉक्टर देतात, पण रोग्याला सांगून, त्याच्या कबुलीने देतात.

मन आजारी पडते तेव्हा

आता दुसऱ्या विषयाकडे वळू.

अंगाला ताप येतो, तसा मनालाही आजार होतो. २०१५-१६ साली देशात मनाच्या आजारांची मोठी पाहणी झाली. दर १०० प्रौढ माणसांमागे १० ते ११ जणांना असा काही आजार होता. त्यांतल्या बहुतेकांना काहीच औषधपाणी मिळालेले नव्हते. म्हणजे शंभर उंबऱ्यांच्या गावात किती घरे होतील, ते तुम्हीच बोटांवर मोजा.

हे आजार अनेक प्रकारचे आहेत. त्यांतला सगळ्यांत जास्त आढळणारा एक म्हणजे उदासीचा आजार. दुःख कोणाला होत नाही? पीक गेले, माणूस गेले, तर रडू येणारच. ते हळूहळू ओसरते. पण दोन आठवडे उलटले, तरी मन रोज दिवसभर खिन्न आहे, कशात गोडी नाही, अन्न गोड लागत नाही, पहाटे तीनलाच जाग येते, "मी कोणाच्या कामाचा नाही" असे वाटते, तर तो आजार समजावा. बाळंतपणानंतरही काही बायांना हा आजार होतो. बाळाकडे पाहावेसे वाटत नाही. सासू म्हणते, "नखरे आहेत." नखरे नसतात, बाई. तिला डॉक्टरकडे न्यायला हवे.

दुसरा आजार भासांचा. कोणी नसताना आवाज ऐकू येतात. सगळे आपल्या वाईटावर आहेत, असा संशय येतो. माणूस अंघोळ सोडतो, एकटा बडबडतो. याला घरचे "येड लागलं" म्हणतात. या आजारावरही चांगली औषधे आहेत. नेमाने घेतली, तर पुष्कळ रोगी शेतात काम करतात, संसार करतात.

आता दारूशी याचा संबंध काय?

उदासीच्या रोग्याला झोप लागत नाही. कोणीतरी सांगते, "थोडी घे, झोपशील." त्या रात्री तो झोपतो. पण दारूची झोप कच्ची असते. मध्यरात्री ती मोडते. दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जाते. मग तो आणखी पितो. उलटही घडते. आधी दारू लागते. तिच्या पाठोपाठ उदासी येते, संशय येतो, भास होतात. बायकोवर उगाच संशय घेणारे किती पिणारे तुम्ही पाहिले असतील! असे हे दोन आजार एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखे चालतात. एकालाच थांबवून गाडी थांबत नाही. म्हणून डॉक्टरला दोन्ही गोष्टी सांगा. "पितात" एवढेच सांगू नका. "झोपत नाहीत, रडतात, मरणाच्या गोष्टी बोलतात," हेही सांगा.

मरणाच्या गोष्टींवरून सांगतो. कोणी "मला आता जगायचं नाही" असे म्हणाले, तर ते हसण्यावारी नेऊ नका. जवळ बसा. सरळ विचारा, "दादा, जीव द्यायचं मनात येतं का?" असे विचारल्याने तो विचार मनात घुसत नाही. उलट, कोणी विचारले म्हणून मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. ती वाईट घटका पुष्कळदा काही वेळाने टळते. तेवढ्या वेळात विष हाताशी नसले, तर माणूस वाचतो.

अंगारा, मार आणि साखळी

आम्ही देवाच्या विरुद्ध नाही. देवाला हात जोडा. त्याने मनाला धीर येतो. पण हात देवाला जोडा आणि पाय दवाखान्याकडे वळवा.

भूत काढतो म्हणून कोणी रोग्याला मारू लागला, धुरी देऊ लागला, तर ते थांबवा. महाराष्ट्रात २०१३ सालच्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. आणि रोग्याला साखळीने कधीही बांधू नका. तमिळनाडूत एरवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या दर्ग्यावर लोक मनाचे रोगी घेऊन जात. जवळच्या एका खासगी आश्रमात त्यांना साखळ्यांनी बांधून ठेवत. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तिथे आग लागली. रोग्यांना पळता आले नाही. २८ माणसे गेली.

हे ऐकून तुमच्या अंगावर काटा आला असेल. पुढे २०१७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला. मनाच्या रोग्याला साखळीने बांधण्यास त्याने बंदी केली. सरकारी दवाखान्यात उपचार मिळणे, हा रोग्याचा हक्क ठरला. आणि कोणी जीव देण्याचा प्रयत्न केला, तर तो फार मोठ्या ताणाखाली होता असे धरून त्याला मदत द्यावी, असेही त्या कायद्याने ठरवले. म्हणून पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला लपवू नका. आधी दवाखाना गाठा.

बरे होण्याची वाट

आता आपल्या गवंड्याकडे परत येऊ. त्याला दवाखान्यात नेले. हात थरथरायचे थांबले. घरी आला. मग काम फत्ते झाले का?

अजून नाही. शरीर सुटले, पण वाट सुटलेली नाही. बैलाला मोकळा सोडला, तर तो आपोआप आपल्या गोठ्याकडे जातो. तसे संध्याकाळ झाली की पाय गुत्त्याकडे वळतात. इतकी वर्षे मळलेली वाट आहे ती. नवी वाट मळायला वेळ लागतो.

त्यासाठी व्यसनमुक्तीची केंद्रे असतात. पुण्याचे मुक्तांगण तुम्ही ऐकले असेल. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले होते. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी मदतीचा हात पुढे केला. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात काम सुरू झाले. अशा केंद्रात रोगी काही आठवडे राहतो. लवकर उठतो, व्यायाम करतो, कामे करतो, इतरांची हकीकत ऐकतो, आपली सांगतो. तिथे समजावून सांगणारी माणसे असतात. त्यांना समुपदेशक म्हणतात. पुष्कळदा तेही पूर्वी व्यसनातून बाहेर आलेले असतात.

केंद्रातून आल्यावर लागते ती सोबत. याची एक गोष्ट सांगतो. १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन नावाच्या गावी बिल विल्सन नावाचा एक माणूस कामासाठी आला होता. शेअरच्या धंद्यातला माणूस. मोठा पिणारा. काही महिन्यांपूर्वी त्याने दारू सोडली होती. अॅक्रनला त्याचे काम फसले. मन खचले. उतरला होता त्या हॉटेलात दारूचा गुत्ता होता. पाय तिकडे ओढू लागले. तेव्हा त्याच्या मनात आले, "दुसऱ्या एखाद्या पिणाऱ्याशी बोललो, तर मी वाचेन." त्याने चौकशी केली. त्याला डॉक्टर बॉब स्मिथ भेटले. तेही पिणारे. दोघे तासन् तास बोलले. एकाने दुसऱ्याला उपदेश केला नाही. आपली आपली कथा सांगितली. पुढे दोघांची दारू सुटली. त्यांतून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही संघटना झाली. आज आपल्याकडेही शहरांतून, तालुक्यांच्या गावांतून मराठीत तिच्या बैठका होतात. फी नाही. नाव-आडनाव कोणी विचारत नाही. "जन्मभर पिणार नाही" अशी शपथ तिथे घेत नाहीत. "आजच्या दिवस पिणार नाही," एवढेच म्हणतात. उद्याचे उद्या.

आता कोणी आजोबा म्हणतील, "आमच्या वेळी पंढरीची माळ घातली की दारू सुटत होती." खरे आहे, आजोबा. पुष्कळांची सुटली. पण माळेबरोबर काय काय आले, ते पाहा. संध्याकाळचे भजन आले. एकादशी आली. न पिणाऱ्या टाळकऱ्यांची सोबत आली. एक दिवस गेला नाही, तर कोणीतरी विचारायला घरी आले. म्हणजे शपथेला सोबतीचा टेकू मिळाला. ज्याचे हात थरथरतात, त्याने आधी डॉक्टरकडून शरीर सावरून घ्यावे, मग खुशाल माळ घालावी.

चार वेळा फार जपायच्या असतात. पोट भुकेले असते तेव्हा. राग आलेला असतो तेव्हा. माणूस एकटा असतो तेव्हा. आणि अंग थकलेले असते तेव्हा. म्हणून आपल्या गवंड्याने काम सुटले की आधी पोटाला काही खावे. गुत्त्याची वाट सोडून दुसऱ्या वाटेने घरी यावे. मजुरीचे पैसे बायकोच्या हाती द्यावेत. खिशात मोजके ठेवावेत.

पाय घसरला तर?

चार महिने बरे गेले. मग भावकीत लग्न निघाले. वरातीत कोणीतरी हात धरला. "आता बरा झालास ना? मग एकानं काय होतंय?" गवंड्याने घेतली. रात्री पडत-झडत घरी आला.

आता घर काय म्हणेल? "गेले सगळे पाण्यात!"

मंडळी, तसे नाही. विहीर खणताना एकदा दरड ढासळली, म्हणून आपण विहीर बुजवतो का? खणलेले तेवढे खणलेलेच असते. असे घसरणे पुष्कळांना होते. घसरण एका दिवसाची आहे की पुन्हा वर्षाची होणार, हे दुसऱ्या सकाळी काय करतो त्यावर ठरते. त्या सकाळी भांडू नका. हिणवू नका. आणि लपवूही नका. ताबडतोब केंद्रातल्या समुपदेशकाला किंवा डॉक्टरला कळवा. पुन्हा जायला सांगितले, तर पुन्हा न्या.

पण एक गोष्ट ठणकावून सांगतो. आजार आहे म्हणून मारहाण माफ नाही. प्यालेल्या माणसाने हात उचलला, तर बाईने पोरे घेऊन सुरक्षित जागी जावे. शेजाऱ्यांनी "नवरा-बायकोचं आहे" म्हणून कानाडोळा करू नये. घरातल्या छळाविरुद्ध २००५ सालचा कायदा आहे. मदतीसाठी १८१ हा बायकांसाठीचा आणि ११२ हा पोलिसांचा फोन आहे. आजाराला औषध आणि मारहाणीला अटकाव, ही दोन्ही कामे एकदम करायची असतात.

आणखी थोडे घरच्यांना. प्यालेला असताना समजूत घालू नका. ते पालथ्या घड्यावर पाणी आहे. सकाळी, शुद्धीवर असताना, एकदाच, शांतपणे बोला. त्याच्या उधारीचे पैसे परस्पर फेडू नका. "ताप आलाय" असे सांगून त्याच्या कामाच्या जागी खोटी निरोप-नळी लावू नका. झाकल्याने आजार वाढतो. आणि स्वतःचे खाणे, झोप सांभाळा. पिणाऱ्याच्या सेवेत घरच्या बाईचे मनही आजारी पडते. तिलाही डॉक्टर लागतो, तिलाही मैत्रीण लागते.

गावाचे काम

दुकान बंद झाले तर उपयोग होतो का? होतो. गडचिरोली जिल्ह्यात लोकांनी चळवळ करून १९९३ साली दारूबंदी मिळवली. महाराष्ट्रात २००८ सालच्या नियमाप्रमाणे गावातल्या बायांना मतदान करता येते. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिले, तर परवान्याचे दुकान बंद होते. पण नुसत्या बंदीवर विसंबू नका. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ साली उठली. दुकान बंद झाले, तरी तराजूतले दगड उरतातच. गडचिरोलीतच २०१६ पासून मुक्तिपथ नावाने काम सुरू झाले. त्यात बंदीच्या जोडीला व्यसनी माणसांच्या उपचाराचीही सोय धरली. हे शहाणपणाचे झाले.

आणि गावाचे सगळ्यांत मोठे काम बिनपैशाचे आहे. केंद्रातून परत आलेल्या माणसाला "बेवडा" म्हणू नका. दवाखान्यातून बरी होऊन आलेल्या बाईला "येडी" म्हणू नका. त्यांना पंक्तीला बोलवा. गवंड्याला काम द्या, भले आधी लहान भिंत द्या. वरातीत त्याचा हात धरून "एक घे" म्हणू नका. ज्याने न पिण्याचे ठरवले, त्याच्या हातात चहाचा कप द्या आणि त्याच्या शेजारी बसा. केंद्रातल्या अनेक आठवड्यांची मेहनत एका वरातीत मातीत घालणे, किंवा ती टिकवणे, गावाच्या हातात असते.

कुठे जावे?

पहिल्यांदा आशाताईला विचारा, किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. जिल्ह्याच्या सिव्हिल दवाखान्यात मनाचे डॉक्टर भेटतात. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारची मोठी मनोरुग्णालये आहेत. फोनवरही बोलता येते. मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा टेली-मानसचा फोन २०२२ साली सुरू झाला. तो रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. व्यसनासाठी १४४४६ हा फोन आहे. हे दोन आकडे आजच वहीत लिहून घ्या. तुम्हांला आता लिहिता येते. मग घरी भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहा. येणारे-जाणारे वाचतील.

तर बायांनो, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. शपथेवर विश्वास ठेवा, पण तिला एकटी सोडू नका. तिला औषधाचा टेकू द्या, सोबतीचा टेकू द्या, कामाचा टेकू द्या. मोडली, तर पुन्हा उभी करा. कच्ची भिंत पडली की गवंडी पाया तपासतो, आणि त्याच विटा पुन्हा वापरतो.

आता कोणाला काही विचारायचे असेल, तर खुशाल विचारा. चारचौघांत बोलायला संकोच वाटत असेल, तर आम्ही दिवेलागणीपर्यंत इथेच पारावर बसलो आहोत. एकट्याने या.

रामराम.